नावाचा फड : खाशाबा जाधव चषक आणि ठाणे-कल्याणची कुस्ती

दिवंगत मल्लाच्या नावाने दरवर्षी कुस्त्या भरवण्याची रीत, जिथे जिथे कुस्ती हा पोटापाण्याचा उद्योग झाला तिथे तिथे आढळते. मात्र ते नाव कोणी जपायचे, त्या नावाखाली कोणाला लढू द्यायचे आणि जिंकणाऱ्याच्या हाती नेमके काय द्यायचे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाजाने आपापल्या स्वभावानुसार दिली आहेत. महाराष्ट्रात हे काम कधी गाव करते, कधी एखादे आश्रयदाते घराणे करते, तर कधी थेट राज्य शासन करते. शासनाच्या वतीने भरणाऱ्या अशा स्पर्धांमध्ये ‘स्वर्गीय खाशाबा जाधव चषक राज्यस्तरीय कुस्ती स्पर्धा’ हे नाव सर्वांत महत्त्वाचे आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या भागातील मल्लांना ती इतर जिल्ह्यांच्या मल्लांइतकीच खुली आहे. परंतु या पट्ट्यात शहर ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने आखाड्याची जागा आक्रसत गेली. त्यामुळे स्मृतिस्पर्धेचा खरा उपयोग काय, हा प्रश्न येथे कोल्हापूर-साताऱ्यापेक्षा अधिक टोकदारपणे समोर येतो.

व्यावसायिक कुस्ती म्हटल्यावर आजच्या शहरी वाचकासमोर दूरचित्रवाणीवरील अमेरिकी कुस्ती उभी राहते. चौकोनी दोरखंडी रिंगणात होणाऱ्या त्या लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो. मल्लाचे कसब ती लढत खरी वाटावी अशा रीतीने, शरीराला होणारी खरी इजा सोसत, रंगवण्यात असते. मुंबई परिसराला हा प्रकार नवा नाही. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढतींनी एके काळी मुंबईकरांना वेड लावले होते आणि २९ मे १९६८ रोजी दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना मुंबईतच हरवून जगज्जेतेपद मिळवल्याची नोंद आहे. याहून जुना आणि अस्सल देशी असा व्यावसायिक प्रकार म्हणजे इनामी कुस्ती. जत्रेच्या किंवा उरुसाच्या निमित्ताने भरणाऱ्या मैदानात, ठरलेल्या रकमेवर, ठरलेल्या जोडीदाराशी लढून पैलवान आपला खुराक, वस्तादाचे देणे आणि घरखर्च भागवत असे. या कुस्तीत निकाल ठरलेला नसतो. उलट ‘निकाली कुस्ती’ म्हणजे एका मल्लाची पाठ मातीला लागेपर्यंत, म्हणजेच तो चितपट होईपर्यंत, चालणारी कुस्ती हीच मानाची समजली जाते.

अमेरिकी पद्धतीच्या कुस्तीत स्मृतिस्पर्धेचे सर्वांत बोलके अलीकडचे उदाहरण ओवेन हार्ट यांचे आहे. कॅनडातील कॅलगरी शहरातल्या नामवंत मल्ल घराण्यातील हा मल्ल २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथील एका कार्यक्रमात, छतावरून रिंगणात उतरण्याचे नाट्य सादर करण्याच्या प्रयत्नात, उंचावरून कोसळून मरण पावला. त्यांच्या पत्नी मार्था हार्ट यांनी त्या कार्यक्रमाच्या आयोजक कंपनीविरुद्ध न्यायालयीन लढा दिला, पतीच्या नावाने धर्मादाय संस्था उभारली आणि त्या कंपनीला ओवेन यांच्या स्मृतीचा व्यापारी वापर करू देण्यास सातत्याने नकार दिला. अखेर २०२१ मध्ये त्यांनी एका प्रतिस्पर्धी कंपनीशी करार केला आणि २०२२ पासून ‘ओवेन हार्ट चषक’ ही पुरुष व महिला अशा दोन गटांतील वार्षिक स्पर्धा सुरू झाली. २०२३ मध्ये तिच्या अंतिम लढती ओवेन यांच्या कॅलगरीतच झाल्या. निकाल ठरलेला असलेल्या खेळातही स्मृतीवरचा हक्क मात्र कुटुंबाने सोडला नाही. मल्लाचे नाव ही मालमत्ता असते आणि ती कोणाच्या ताब्यात जाते यावर स्पर्धेचे रूप ठरते, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होईल.

खाशाबा जाधव यांचे नाव कोणत्याही कंपनीच्या ताब्यात कधी गेले नाही. अनेक वर्षे ते कोणीच फारसे उचलून धरले नाही, हीच त्यांच्या बाबतीतली खरी अडचण होती. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि घरातच आखाड्याचे वातावरण होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले आणि १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने लंडन ऑलिम्पिकला पोहोचले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटचा, म्हणजे गादीचा, सराव जवळजवळ नव्हता आणि आंतरराष्ट्रीय नियमही अनोळखी होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा करणे ही कुस्तीइतकीच अवघड लढत ठरली. कऱ्हाड परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या, फ्रीस्टाईल गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत ते हरले आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव यांच्यासमोर त्यांना उभे राहावे लागले, असे सांगितले जाते. त्या वेळी आक्षेप नोंदवायला भारतीय पथकातील कोणी अधिकारी हजर नव्हता, अशीही नोंद वारंवार येते. इशी यांना सुवर्ण, मामादबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक होते. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेस यांच्या टेनिसमधील कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले आणि कुस्तीतील पुढचे पदक तर सुशीलकुमार यांनी २००८ साली आणले. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या लक्षात नाही.

पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि गावोगावी सत्कार झाले, हे सर्वत्र लिहिले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यानंतरची हकिकत अधिक मोलाची आहे. प्राचार्यांचे घर सोडवण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि त्यातून आलेली रक्कम कर्जफेडीसाठी दिली. त्या काळी ऑलिम्पिक चळवळ हौशी खेळाडूंचीच मानली जात होती आणि खेळावर पैसे मिळवणाऱ्याला तिथे जागा नव्हती; इकडे मराठी मुलखात मात्र इनामाशिवाय पैलवानकी उभीच राहू शकत नव्हती. देशाचा पहिला वैयक्तिक पदकविजेता इनामी मैदानाच्या आधारानेच ऋणमुक्त झाला, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली तर त्यांच्या नावाच्या स्पर्धेत रोख बक्षिसाला गौण मानण्याचे काहीच कारण उरत नाही. स्मृतिचिन्ह, फेटा, शाल आणि भाषणे यांपेक्षा मल्लाच्या हाती पडणारी रक्कम हाच खाशाबांच्या स्मृतीचा अधिक प्रामाणिक सन्मान आहे, असे म्हणता येते.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला आणि अर्जुन पुरस्कार तर २००० सालचा, म्हणजे हेलसिंकीनंतर जवळपास अर्धे शतक उलटून गेल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला.

राज्य शासनाचा क्रीडा विभाग कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि कुस्ती या चार खेळांच्या राज्यस्तरीय स्पर्धा दरवर्षी भरवतो. त्यांपैकी कबड्डी व व्हॉलीबॉलच्या चषकांना छत्रपती शिवाजी महाराजांचे, खो-खोच्या चषकाला भाई नेरूरकर यांचे आणि कुस्तीच्या चषकाला खाशाबांचे नाव आहे. स्पर्धेचे ठिकाण कायम नसते. यजमानपद एका जिल्ह्याकडून दुसऱ्या जिल्ह्याकडे जाते. पुरुषांसाठी फ्रीस्टाईल व ग्रीको-रोमन आणि महिलांसाठी फ्रीस्टाईल असे तीन प्रकार असतात व प्रत्येक प्रकारात वजनगटानुसार लढती होतात. फ्रीस्टाईलमध्ये मल्लाला संपूर्ण शरीराचा वापर करता येतो, तर ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करण्यास मनाई असते. त्यामुळे एकेरी पट, दुहेरी पट असे पाय धरून टाकायचे डाव तिथे चालत नाहीत आणि कमरेवरचे, उचलून फेकण्याचे डाव महत्त्वाचे ठरतात. खाशाबांचा हुकमी डाव ‘ढाक’ हा होता. प्रतिस्पर्ध्याची मान व हात जखडून, आपल्या शरीराचा आधार देत त्याला पलटी घालण्याचा हा डाव मातीत शिकलेला, पण गादीवरही तितकाच चालणारा होता.

गादीवरची कुस्ती पाहायला नव्याने जाणाऱ्या प्रेक्षकाला मैदानी कुस्तीच्या तुलनेत ती तुटक वाटते, याचे कारण तिच्या नियमांत आहे. चौकोनी मॅटच्या मध्यभागी नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असा लढतीचा काळ ठरलेला असतो. प्रतिस्पर्ध्याला खाली आणणे, त्याची पाठ गादीकडे वळवणे, त्याला वर्तुळाबाहेर ढकलणे या प्रत्येकासाठी गुण मिळतात. फ्रीस्टाईलमध्ये दहा आणि ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची आघाडी झाली की तांत्रिक सरसतेवर लढत तिथेच थांबते. चितपट करणारा मल्ल अर्थातच गुणांचा विचार न करता विजयी ठरतो. मैदानी कुस्तीत मात्र सलामी झडल्यावर बराच वेळ खडाखडी चालते, म्हणजे मल्ल हातांना हात भिडवून एकमेकांची ताकद जोखतात, हलगीचा ताल चढत जातो आणि प्रेक्षकही त्या संथपणाची मजा घेतात. गुणांच्या कुस्तीत इतका वेळ कोणालाच परवडत नाही. निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला पंच समज देतात आणि पुढे प्रतिस्पर्ध्याला गुणही मिळतो.

खाशाबा चषकाची महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या कुस्ती किताबाशी, म्हणजे महाराष्ट्र केसरीशी, तुलना करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये झाली आणि १९६१ साली औरंगाबाद येथे पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. तो मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. परिषदेचे संस्थापक आणि कुस्तीचे थोर आश्रयदाते मामासाहेब मोहोळ यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ त्यांच्या कुटुंबाकडून विजेत्याला चांदीची गदा दिली जाते. लाकडी गाभ्यावर चांदीचा कोरीव पत्रा चढवलेली ही गदा कुस्तीप्रेमींच्या दृष्टीने कोणत्याही रकमेहून मोठी असते. म्हणजे येथेही एका दिवंगत व्यक्तीचे नाव आहे. फरक इतकाच की ते मल्लाचे नाही, मल्ल घडवणाऱ्याचे आहे, आणि ते शासनाने नव्हे तर घराण्याने जपले आहे. या किताबासाठी गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते आणि त्या गटाचे वजन ८६ ते १२५ किलो असे ठरलेले आहे.

या वजनमर्यादेत एक विसंगती दडलेली आहे. ५७ किलोच्या आत लढणारे खाशाबा आजच्या नियमांनुसार महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी उभेच राहू शकले नसते. मराठी जनमानसाने पैलवान म्हटले की नेहमीच भव्य देहाची कल्पना केली, जत्रेतील मोठे इनामही शेवटच्या, सर्वांत वजनदार जोडीला राखून ठेवले आणि हलक्या वजनाच्या मुलांना रेवड्यांवर किंवा नारळावर लढवले. परिणामी ज्या वजनात भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले, त्या वजनाचा मराठी मल्ल मैदानी अर्थकारणात कायम दुय्यम राहिला. दरम्यान त्याच ५७ किलो गटात हरयाणाच्या रवी दहियाने टोकियोत रौप्य आणि अमन सेहरावतने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले. खाशाबा चषकात प्रत्येक वजनगटाला स्वतंत्र विजेता आणि स्वतंत्र बक्षीस आहे. शासकीय स्पर्धांवर एरवी कोरडेपणाचा आरोप होतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. परंतु या एका बाबतीत शासनाची रचना लोकरूढीपेक्षा शहाणी ठरली आहे.

ठाणे आणि कल्याण परिसराचा कुस्तीशी संबंध दोन वाटांनी आला. एक वाट येथील आगरी, कोळी आणि कुणबी गावांची. कल्याण, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांतील गावांत ग्रामदैवताच्या जत्रेला कुस्त्यांचे फड भरण्याची परंपरा जुनी आहे आणि गावकीच्या वर्गणीतून इनामाची रक्कम उभी करण्याची पद्धतही तशीच. दुसरी वाट देशावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून, गिरण्या, गोदी, रेल्वे, पोलीस दल आणि पुढे औद्योगिक वसाहती यांमध्ये नोकरीसाठी आलेल्या माणसांची. या मंडळींनी तालमीची सवय सोबत आणली. तालीम म्हणजे मल्लविद्येची शाळा. तिच्या मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा असतो आणि ती माती ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर असे पदार्थ मिसळून मऊ व जखमांना बाधू नये अशी केलेली असते. या मातीची निगा रोज राखावी लागते. ती उकरून, चाळून, ओलावा टिकवूनच वापरता येते आणि दोन-तीन महिने तालीम बंद राहिली तर हौदा नव्याने घडवावा लागतो.

ठाण्याच्या कुस्तीच्या इतिहासात १९७४ हे साल आवर्जून नोंदवावे लागते. त्या वर्षीचे महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन (परिषदेच्या वार्षिक स्पर्धेला अधिवेशन म्हणतात) ठाण्यात भरले आणि कोल्हापूरचे युवराज पाटील यांनी किताब पटकावला. त्यानंतरच्या दशकात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आल्या, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि गावठाणे शहराच्या पोटात गेली. कबड्डीने या बदलातही आपला तळ राखला. ठाण्याच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा आजही गर्दी खेचतात. कुस्तीला ते तितकेसे जमले नाही, कारण कबड्डीचे मैदान संध्याकाळपुरते आखता येते, हौदा मात्र कायमची जागा मागतो. स्पर्धेच्या मापाची गादी बारा मीटर लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे सुमारे साडेपंधराशे चौरस फुटांची असते. डोंबिवलीत तेवढ्या जागेत तीन कुटुंबे सुखाने संसार करतात. जागेचा भाव हाच येथे वस्तादाचा सर्वांत ताकदवान प्रतिस्पर्धी आहे.

तरीही या पट्ट्यातून मल्ल निघतात आणि अलीकडच्या काळात त्यांत सर्वांत लखलखीत नाव एका मुलीचे आहे. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम फेरीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीसमोर उभी राहिली ती कल्याणची वैष्णवी पाटील. तो किताब प्रतीक्षाने जिंकला. पण मलंगगडाच्या पायथ्याच्या मांगरूळ गावातून आलेल्या वैष्णवीने पुढे राष्ट्रीय निवड चाचणीत बाजी मारली आणि २०२५ साली झाग्रेब येथे झालेल्या जागतिक कुस्ती स्पर्धेत ६५ किलो गटात भारताचे प्रतिनिधित्व केले. या टप्प्यावर पोहोचण्यासाठी तिला सरावाकरिता हरयाणात जावे लागले, ही गोष्ट तिच्या जिद्दीबद्दल जितके सांगते तितकेच ठाणे जिल्ह्यातील सोयींबद्दलही सांगते. जत्रेच्या मैदानात स्त्रियांच्या कुस्त्या अलीकडे लावल्या जाऊ लागल्या असल्या तरी इनामाच्या रकमेत अंतर राहतेच. खाशाबा चषकात महिलांचा विभाग पुरुषांच्या दोन विभागांच्या बरोबरीने मांडलेला असल्यामुळे अशा मुलींसाठी ही स्पर्धा केवळ एक पायरी राहत नाही, मिळकतीचा मार्गही ठरते.

स्पर्धेतील प्रवेशाची चौकट मात्र ठाणे-कल्याणच्या मल्लासाठी सोपी नाही. राज्याचे आठ क्रीडा विभाग आहेत आणि ठाणे जिल्हा मुंबई विभागात मोडतो. विभागीय निवड चाचणीत त्याला मुंबईच्या दोन जिल्ह्यांसह पालघर व रायगडच्या मल्लांशी लढून संघात जागा मिळवावी लागते आणि मग राज्य पातळीवर गाठ पडते ती कोल्हापूर व पुणे विभागांशी, जिथे एकेका तालुक्यात नावाजलेल्या तालमी आहेत. कोल्हापूर विभागात दुसरा किंवा तिसरा आलेला मल्लही ताकदीने कमी नसतो, तरीही तो घरी राहतो आणि तुलनेने कमी स्पर्धेच्या विभागातील मल्ल पुढे जातो, अशी तक्रार कुस्तीच्या वर्तुळात होते. तिच्यात तथ्य आहे. परंतु विभागवार कोटा नसता तर कोकण किनारा आणि विदर्भ यांतील मुलांना राज्य स्पर्धेची गादी क्वचितच पाहायला मिळाली असती, हेही तितकेच खरे.

शासकीय चषकापेक्षा गावोगावच्या स्मृतिमैदानांची घडण अगदी निराळी असते. एखाद्या जुन्या वस्तादाच्या किंवा पैलवानाच्या पुण्यतिथीला त्याचे शिष्य व गावकरी मिळून जंगी कुस्त्यांचे मैदान ठेवतात. कुस्त्या ठरवण्याची, म्हणजे जोड लावण्याची, जबाबदारी अनुभवी वस्तादांवर असते. ताकद, वय, वजन आणि मागील लढतींचा हिशेब पाहून जोडी जमवली जाते आणि तिच्यावर लागणाऱ्या इनामाला गावातील कोणी व्यापारी, कोणी शेतकरी, कोणी राजकीय पुढारी आपले नाव देतो. सकाळी लहान मुलांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, उन्हे कलताना मधल्या जोड्या येतात आणि पहिल्या क्रमांकाची कुस्ती सूर्यास्ताच्या सुमारास लागते. निकाल लागला नाही तर ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटून देतात. या पद्धतीत निवड चाचणी नसते, वजनकाट्याचा काटेकोरपणा नसतो आणि पैलवानाला पोटभर कामही मिळते. एका हंगामात चांगला मल्ल अशी अनेक मैदाने करतो. दोष असा की सगळा कारभार ओळखीवर चालतो, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणी उचलायचा हे ठरलेले नसते आणि संयोजक पुढारी बदलला की मैदानही बंद पडते.

बंद पडण्याचा धोका संघटनांच्या भांडणातूनही येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील कुस्तीच्या दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी दोन स्वतंत्र महाराष्ट्र केसरी स्पर्धा घेतल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे असे एकाच महिन्यात दोन विजेते ठरले. कुस्तीत दोन पंचांचे दुमत झाले तर तिसरा निर्णय देतो. संघटनांच्या बाबतीत असा तिसरा कोणी सापडत नाही. शासनाच्या चषकाला या भांडणाची झळ तुलनेने कमी बसते, कारण नाव, निधी आणि निवडीची चौकट या तिन्ही गोष्टी शासनाकडे असतात.

शासकीय स्पर्धेत गावच्या मैदानाची एकच गोष्ट उसनी घेण्यासारखी आहे, ती म्हणजे ठरलेली तारीख. पुण्यतिथीचे मैदान कधी आहे हे पैलवानाला वर्षभर आधी माहीत असते. त्यानुसार तो मेहनत, म्हणजे जोर-बैठकांपासून लढतीपर्यंतचा सराव, वाढवत नेतो, खुराकाचा खर्च बेतात बसवतो आणि वजन आटोक्यात आणतो. शासकीय स्पर्धा मात्र यजमान जिल्हा, निधीची मंजुरी, परीक्षा आणि निवडणुकांची आचारसंहिता यांच्या सवडीने वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत सरकत राहते. ५७ किलोच्या मल्लाला दोन-तीन किलो वजन उतरवून ते टिकवायचे असते, तेव्हा अशा अनिश्चिततेची किंमत त्याला शरीराने चुकवावी लागते. खाशाबांच्या जन्मदिवसाला राज्य क्रीडा दिनाचा दर्जा मिळालाच आहे. जानेवारीचा तो आठवडा चषकासाठी कायमचा राखून ठेवला आणि यजमानपदाची पाळी तीन-चार वर्षे आधी जाहीर केली, तर ठाणे किंवा कल्याणसारख्या शहरांना आपल्या क्रीडागृहात मॅट, वजनकाटे आणि मल्लांच्या निवासाची सोय वेळेत उभी करता येईल. तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी आणलेली ती मॅट नंतर गुंडाळून गोदामात न टाकता एखाद्या स्थानिक तालमीला वापरायला द्यावी, एवढी अट यजमानपदाच्या करारात घालणे शासनाला अवघड नाही.